राउटर मागच्या खोलीत का?

१

रविवारी सकाळी वहिनींनी मागच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडलं आणि त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. मधल्या फळीवर घड्याळांची पेटी नव्हती.

त्यांचा नवरा घड्याळजी. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त करता करता त्याने स्वतःसाठी खिशात ठेवायची सहा जुनी सोन्याची घड्याळं जमवली होती. ती एका चपट्या लाकडी पेटीत असत. तो गेल्यावर वहिनींनी एक नेम धरला: दर रविवारी कपाट लख्ख पुसायचं, घड्याळांना किल्ली द्यायची, पेटी जागच्या जागी ठेवायची. एरवी त्या कपाटाकडे फिरकत नसत. कपाटाला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगलेली होती. म्हणजे कुलूप होतं असं म्हणायचं, झालं!

थोरल्या मुलाने चहा गार व्हायच्या आत निकाल देऊन टाकला. बुधवारी इंटरनेटचा राउटर बसवायला कंपनीचा वायरवाला आला होता. मागच्या खोलीत तो एकटाच होता. मग चोर दुसरा कोण असणार? थोरल्याने कंपनीला फोन केला, कंपनीने वायरवाल्याला घरी बसवलं, आणि सोमवार संध्याकाळपर्यंत पेटी आली नाही तर पोलीस, असं जाहीर झालं. मग थोरल्याने कपाटाला कुलूप ठोकून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "कुणी हात लावायचा नाही. ठसे असतात." बैल गेला आणि झोपा केला, तो असा.

वहिनींनी नणंदेला फोन लावला. या नणंदेला सगळं घर आत्या म्हणायचं. विमा कंपनीत तपासनीस म्हणून तिने नोकरी केली. न जळालेल्या गोदामांचे आणि कधी नव्हत्याच अशा दागिन्यांचे दावे तपासण्यात तिची हयात गेली. त्यातून तिला पेन्शन मिळालं आणि माणसांविषयी एक पक्कं मत मिळालं. ते मत चांगलं नव्हतं.

"वन्सं, मला पेटी हवी, ती मी एकाला द्यायची ठरवलीय," वहिनी म्हणाल्या. "पण तो माणूस चोर नसला, तर त्याचे तळतळाट मला नकोत."

"तो तुमच्या खोलीत शिरला कधी?"

"दुपारची आडवी झाले होते. भिंतीत ड्रिल घुसलं तशी दचकून उठले आणि तणतणत हॉलमध्ये आले. मागच्या जिन्याने गॅलरीत आला होता तो. माझ्यामागून खोलीत गेला."

"म्हणजे ड्रिल सुरू होईपर्यंत तुम्ही खोलीतच होता?"

"होते की. डोळाही लागला नव्हता धड."

"येते उद्या," आत्या म्हणाली आणि तिने फोन कापला. निरोपाचे चार शब्द बोलायची तिला सवय नव्हती.

२

सोमवारी आत्या आली ती पर्स न ठेवताच घरभर हिंडली. हातात थोरल्याचा फोन धरून, पडद्यावरच्या रेघा मोजत. हॉलमध्ये रेंजची एक रेघ, तीही येऊन-जाऊन. स्वयंपाकघरात काहीच नाही. मागच्या खोलीत मात्र भरभरून.

राउटर होता तिथेच. खोलीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात, एका बुटक्या स्टुलावर. घरभर उजेड पडावा म्हणून दिवा आणायचा आणि तो पलंगाखाली ठेवायचा, त्यातली गत.

"हे दिवे कुणी लावले?" आत्याने विचारलं. "राउटर कुठे ठेवतात ते शेंबड्या पोरालाही कळतं. घराच्या मधोमध, उंचावर, लोखंडापासून लांब. इथे बसवायची अक्कल कुणाची?"

"मला काय माहीत?" थोरला म्हणाला. "ते खातं धाकट्याचं. घरून काम तो करतो."

"मी तर हॉलमध्ये घ्या म्हणत होते, टीव्हीच्या वर," थोरल्याची बायको म्हणाली. ती चहा घेऊन आली होती आणि येताना तक्रारींचं ताटही वाढून आणलं होतं. "माझ्या बहिणीशी बोलायचं तर मला आईंच्या खोलीच्या दारात उभं राहावं लागतं. आई सगळं ऐकतात."

"पेटीचं बोल."

"पेटीचं काय बोलू? मला कपाटाची लाज वाटली, आत्या! आई दर रविवारी पुसतात, तरी आत ही एवढी धूळ. पोलीस येऊन बघतील, म्हणतील सून काय करते. पुसायला गेले, तर हे माझ्या अंगावर धावून आले."

"ठसे जातात," थोरला गंभीरपणे म्हणाला. कुठल्या तरी मालिकेत त्याने हे पाहिलं होतं आणि तेवढ्यावर तो अर्धा फौजदार झाला होता.

"ठशांचे मालक, तुम्ही सांगा. वहिनी ती पेटी कुणाला देणार होत्या?"

थोरल्याचा चेहरा लाल झाला. "दुकानातल्या कारागिराला! बाबांच्या हाताखाली होता म्हणून. मी आईला तोंडावर सांगितलं, वेड लागलंय तुला. बाबांची घड्याळं बाहेरच्याच्या घशात घालायची?"

"आणि धाकटा?"

"तो काय, मोठ्या मनाचा! म्हणाला, आईची इच्छा असेल तर देऊ दे."

आत्याने नाकाने आवाज केला. मोठ्या मनाची माणसं तिने नोकरीत बरीच पाहिली होती. त्यांच्या गोदामांना आग लागायची.

"कपाटाची किल्ली आण," ती म्हणाली. थोरला कां-कूं करायला लागला, तशी तिने हात झटकला. "राहू दे. त्या वायरवाल्याला बोलाव आधी. ज्याच्यावर आळ आहे त्याच्यासमोरच उघडायचं, हा माझा जुना कायदा. तोवर मी मोठ्या मनाच्या माणसाला भेटून येते. आहे कुठे तो?"

"जिन्यात," सून म्हणाली.

"जिन्यात? काय करतोय?"

"नोकरी," सून म्हणाली आणि हसू दाबत आत गेली.

३

मागच्या जिन्याच्या दगडी पायरीवर धाकटा बसला होता. मांडीवर लॅपटॉप, गळ्यात हेडफोन, पाठीला भिंतीचा गारठा. मागच्या खोलीची भिंत इथे लागूनच होती, म्हणून रेंज येत होती.

आत्या त्याला लहानपणापासून ओळखत होती. चहात साखर चिमूटभर जास्त झाली तर हा पेला सरकवायचा. खुर्ची टोचते म्हणून याने एकदा जेवणाच्या सगळ्या खुर्च्या बदलायला लावल्या होत्या, आणि लाडक्या शेंडेफळाचा शब्द वहिनींनी झेललाही होता. तो हा नवाबजादा आज दगडावर बसला होता.

"इथे का रे?"

"इथे रेंज येते, आत्या."

"पाठ धरत नाही?"

"थोडी धरते. चालतंय."

चालतंय! हा शब्द या पोराच्या तोंडून आत्या जन्मात पहिल्यांदा ऐकत होती.

"हॉलमध्ये का नाही बसवून घेतलास?"

"दादाला हॉलची शोभा घालवायची नव्हती. म्हटलं जाऊ दे, कशाला वाद."

"मग आता हलवून घे. एक फोन केला की येतील."

"नको, नको." तो घाईने म्हणाला आणि मग सावकाश, समजूतदार आवाजात पुढे बोलला, "घरात चोरी झालीय, आई जेवत नाही, आणि मी रेंजचं रडगाणं कुठे गाऊ?"

समजूतदारपणा आत्याला एरवीही फारसा पचत नसे.

"बरं, माझ्या फोनला तुमचं वायफाय जोडायचंय. पासवर्डचा कागद खोक्यात असतो ना? राउटरचं खोकं दे, मीच बघते."

"खोकं? ते... फेकून दिलं मी. आण फोन, मी टाकून देतो पासवर्ड."

आत्याने निमूट फोन दिला. डोकं मात्र माळ्याकडे वळलं. तिच्या भावाचा एक दंडक होता: वस्तूचं खोकं टाकायचं नाही. घड्याळजी माणूस, वस्तू कधी ना कधी दुरुस्तीला जाणार आणि ती तिच्याच खोक्यातून जाणार, यावर त्याची श्रद्धा. तो गेला, तरी घराने श्रद्धा सोडली नव्हती. भंगारात गेलेल्या पंख्याचं खोकं माळ्यावर होतं, त्यात मिक्सरचं खोकं होतं, त्यात इस्त्रीचं. माळ्यावर वारा आला तर सगळा ढीग उडून जाईल, इतकी ती पोकळ संपत्ती. आणि या घरात गेल्या बुधवारचं खोकं फेकलं गेलं?

"झालं, आत्या. जोडला," धाकटा म्हणाला.

वर गॅलरीतून थोरल्याचा ओरडा ऐकू आला. "आत्या! वर ये लवकर! हा बघ, भिंत बघूनच याला घाम फुटलाय!"

४

वायरवाला गॅलरीत उभा होता. मध्यम वयाचा, खांदे पडलेला, हातात अवजारांची पिशवी नसल्यामुळे हातांचं काय करावं हे न कळणारा. तो भिंतीकडे बघत होता आणि कुणी पाहिलं की नजर काढून घेत होता.

भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर एक भोक होतं. त्यातून वायर आत गेली होती. त्याच्या बरंच वर पांढऱ्या सिमेंटचा एक ठिपका होता, ओबडधोबड.

"हा ठिपका कसला?"

"आधीचा असेल, मॅडम."

"आधीचा? या घराची मालकीण भिंतसुद्धा पुसते. आणि मला खोटं बोललेलं चालतं, पण नीट बोलावं. मी खोटं ऐकून म्हातारी झालेय."

"मी पेटी नाही घेतली, मॅडम!"

"पेटीचं कुणी विचारलं?"

त्याचा आवाज बसला. "मला घरी बसवलंय. चोर म्हणून नाव लागलं तर दुसरी कंपनी दारात उभं करणार नाही. माझं कामच लोकांच्या घरात शिरायचं आहे. चोराला घरात कोण घेईल? मला दुसरं काही येत नाही, मॅडम."

"हेही धड येत नाही, असं दिसतंय. जागा कुणी दाखवली?"

"धाकट्या साहेबांनी. मी म्हटलं, हॉलमध्ये घ्या, घरभर चालेल. तर म्हणाले, दादांची ऑर्डर आहे, मागच्याच खोलीत."

"माझी ऑर्डर?" थोरला कडाडला. "मी ऑफिसात होतो!"

"तूच म्हणालास ना दादा, हॉलची शोभा..." धाकटा जिन्यावरून येता येता म्हणाला.

"कधी म्हणालो?"

"भांडण नंतर करा, तुम्हाला जन्म पडलाय," आत्या म्हणाली. "ठिपका!"

वायरवाला कोलमडला. "पहिलं भोक चुकलं, मॅडम. अंदाज न घेता पाडलं. मध्येच पोकळ लागलं. म्हटलं, आत काहीतरी फुटलं असेल, कंपनी माझ्याकडून भरून घेईल. म्हणून बाहेरून सिमेंट भरलं, खाली दुसरं पाडलं. आत कुठे निघालं ते मी बघितलंसुद्धा नाही."

मग थोरल्याने मांडीवर थाप मारली. "कपाटात! त्याच कपाटात निघालं ते! म्हणजे याला आतलं सगळं दिसलं. कबुलीच झाली ही! मी पोलिसांना फोन लावतो."

"लाव," आत्या म्हणाली. "पण आधी किल्ली दे."

वायरवाल्याने डोळे मिटून घेतले.

५

कुलूप निघालं, दारं उघडली, आणि सून ओलं फडकं घेऊन पुढे सरसावली. "निदान परक्या माणसासमोर तरी..."

"हात लावशील तर बघ!" आत्या एवढ्या जोरात ओरडली की फडकं पुन्हा एकदा जमिनीवर पडलं.

कपाटाच्या मागच्या भिंतीत, मधल्या फळीच्या वीतभर वर, बोट जाईल एवढं भोक होतं. आणि त्या फळीवर विटेची लाल भुकटी पसरली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वहिनी, गेल्या रविवारी तुम्ही फळी पुसली होती?"

"म्हणजे काय! आरशासारखी."

"मग ही धूळ सुनेच्या आळसाची नाही. बुधवारच्या ड्रिलची आहे. बघा."

फळीवर डावीकडे घडी केलेली शाल होती. आत्याने ती उचलली. शालीखाली फळी स्वच्छ, घडीच्या आकाराची. मग तिने जुन्या बटणांचा डबा उचलला. डब्याखाली स्वच्छ गोल.

"पेटी कुठे असायची?"

वहिनींनी बोट दाखवलं. शाल आणि डबा यांच्या मध्ये. तिथे लाल भुकटी सलग पसरली होती. पेटीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन कुठेही नव्हता.

"आता, फौजदारसाहेब," आत्या थोरल्याकडे वळली. "ड्रिल चाललं तेव्हा पेटी इथे असती तर तिच्याखाली कोरी, स्वच्छ जागा राहिली असती. नाही राहिली. म्हणजे भुकटी पडली त्याआधीच पेटी गेलेली होती."

"यानेच आधी काढली असेल!"

"कधी? ड्रिल सुरू होईपर्यंत तुझी आई याच खोलीत जागी पडलेली होती. हा गॅलरीत होता. हा खोलीत आला तेव्हा चोरायला काही उरलंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होतास तू. आणि हा संन्यासीही असा दिवटा, की स्वतःचा पुरावा स्वतः सिमेंटने बुजवून बसला!"

वायरवाला भिंतीला टेकला. थोरल्याने फोन हळूच खिशात घातला.

"पण मग," सून पुटपुटली, "घरातलंच कुणीतरी..."

"वा! उजाडलं म्हणायचं."

६

"मी सकाळपासून एकच प्रश्न विचारतेय," आत्या म्हणाली. "राउटर मागच्या खोलीत का? मला वाटलं, या घरात मूर्ख राहतात म्हणून. ते खरंच आहे, पण उत्तर ते नाही. सुनेला तो हॉलमध्ये हवा होता. थोरल्याला तो कुठे बसला याचं सोयरसुतक नव्हतं. वायरवालाही हॉल म्हणत होता. मग मागची खोली कुणाला हवी होती? ज्याला या खोलीत, या कपाटाजवळ, एक परका माणूस एकटा हवा होता त्याला. पेटी आधीच उचललेली, रविवारी बोंब होणार हे ठाऊक. बोंब झाली की बोट दाखवायला कुणीतरी लागतं."

धाकटा हसला. हसू नीट जमलं नाही. "आत्या, माझं काम त्या राउटरवर चालतं. मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईन?"

"तेच तर! सगळं घर रेंजच्या नावाने खडे फोडतंय, आणि ज्याचं पोट त्यावर चालतं तो दगडावर बसून म्हणतो, चालतंय. साखरेच्या चिमटीवरून घर डोक्यावर घेणारा तू. हलवून घे म्हटलं तर नको-नको म्हणालास. वायरवाला परत आला असता, कुणीतरी विचारलं असतं, इथे बसवायला कुणी सांगितलं? म्हणून पाठ मोडली तरी चालत होतं. बरं, ते सोड. राउटरचं खोकं आण."

"फेकलं म्हणून सांगितलं ना तुला!"

वहिनी उठल्या. "या घरात खोकं फेकलं?" असं त्या कुणाला तरी विचारल्यासारखं म्हणाल्या आणि लेकाच्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत राउटरचं नवंकोरं खोकं होतं, आणि ते रिकाम्या खोक्यासारखं उचललेलं नव्हतं.

आत मोज्यांमध्ये गुंडाळलेली चपटी लाकडी पेटी होती. सहाही घड्याळं बंद पडली होती, प्रत्येक वेगळ्या वेळेला.

"आई, मी विकणार नव्हतो गं," धाकटा म्हणाला. "बाहेरच्याला जाण्यापेक्षा घरात राहावी म्हणून..."

"गप्प बस!" आत्याला आता खरोखरच किळस आली होती, आणि भावाच्या आठवणीने ती आणखी चिडली. "चोरी केलीस, ती एक वेळ गिळेन मी. पण आईसमोर मोठेपणा मिरवून चोरलीस. वर आळ घ्यायला माणूस मागवलास, त्याला उभं राहायची जागासुद्धा आखून दिलीस. तुझा बाप लोकांचं गेलेलं एक मिनिट शोधायला दिवस घालवायचा. तू एका माणसाचा जन्म घालवायला निघालास, आणि वर म्हणतोस चालतंय!"

थोरला खाकरला. सकाळचा फौजदार आता वकील झाला होता. "जाऊ दे आत्या. घरातली गोष्ट घरात राहू दे. मी कंपनीला सांगतो, पेटी सापडली म्हणून. काम झालं."

"'सापडली' म्हणू नका, साहेब," वायरवाला पहिल्यांदाच मान वर करून बोलला. "सापडली म्हटलं की आमचे साहेब समजतील, भ्याला आणि परत आणून ठेवली."

"बरोबर बोलला," आत्या म्हणाली. "डाग पुसायचा तर कुणाच्या हाताला लागला होता तेही सांगावं लागतं. कोण सांगतंय?"

थोरल्याने खिडकीकडे पाहिलं. सुनेने फडकं उचलून त्याची घडी घातली.

वहिनी पलंगावर बसून घड्याळांना किल्ली देत होत्या. घाई नव्हती. सहावं घड्याळ चालू झालं तेव्हा त्यांनी ते कानाला लावून पाहिलं, पेटी मिटली आणि थोरल्यापुढे हात केला. "फोन लावून दे."

त्याने लावून दिला.

"मी घड्याळजींची बायको बोलतेय," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या माणसावर आम्ही चोरीचा आळ घेतला होता. तो खोटा. चोरी माझ्या धाकट्या मुलाने केली. काय म्हणालात? हो, मुलाने. माझ्या पोटच्या. बरोबर ऐकलंत. आता तुमच्या माणसाला आजच कामावर घ्या, तो माझ्यासमोर उभा आहे." त्यांनी फोन परत दिला. धाकट्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

वायरवाला आत्याच्या पाया पडायला वाकला, तशी ती दोन पावलं मागे सरली.

"उठ! तू काही हुशारीने सुटलेला नाहीस. बेकार कारागीर म्हणून सुटलास. पहिलं भोक नीट पाडलं असतंस, तर आज गजाआड असतास. जा, पिशवी घेऊन ये. राउटर हॉलमध्ये घ्यायचाय, टीव्हीच्या वर. आणि या वेळी भिंतीपलीकडे काय आहे ते बघून मग ड्रिल लाव, गाढवा."

तासाभरात राउटर हॉलमध्ये लागला. आत्या शेवटपर्यंत त्याच्या मागे उभी राहून भोकाला नावं ठेवत होती. सुनेने स्वयंपाकघरातून बहिणीला फोन लावला आणि तिकडून आनंदाने ओरडली. थोरल्याच्या फोनवर सगळ्या रेघा आल्या, आणि कंपनी तशी वाईट नाही, असं तो म्हणाला.

"पासवर्ड जुनाच ठेवू ना, आजी?" वायरवाल्याने विचारलं.

"नको, नवा घाला," वहिनी म्हणाल्या. "आणि मला एकटीला सांगा. कुणाला द्यायचा ते मी बघेन."

पेटी पदराखाली धरून वहिनी ती कारागिराला द्यायला दुकानाकडे निघाल्या, तेव्हा आत्या त्यांच्याबरोबर मागच्या जिन्याने खाली उतरली. धाकटा पायरीवर लॅपटॉप उघडून बसला होता. दोघी त्याला ओलांडून गेल्या. तिथे आता रेंज येत नव्हती.